घरच्या माणसाचं माप

कोट अंगात चढला आणि दुकानातलं बोलणं थांबलं.

असं या घरात फारसं होत नसे. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. त्यामुळे यंत्राची घरघर, गिऱ्हाइकांची कटकट आणि घरातली भांडणं एकमेकांत मिसळून दिवसभर वाहत असायची. त्या सगळ्यावर मोठीबाईंचा आवाज. त्या कधी चुकून गप्प झाल्याच, तर त्यांचा मुलगा, ज्याला सगळी गल्ली मास्तर म्हणे, गिऱ्हाइकाला सांगायचा, "थांबा जरा, आईचं रीळ संपलंय. आत्ता दुसरं लावेल."

आज मास्तर काही बोलला नाही. हातातली कात्री धरून नुसता बघत राहिला. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून सूनबाई उभी होती, तीही बोलली नाही. आणि ती बोलली नाही म्हणजे तिच्या पोटात बरंच काही साठलं होतं.

आरशासमोर या दोघांची मुलगी उभी होती. खिखी. उद्या सकाळी तिची मुलाखत. एका बड्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी. मुलाखत इथल्याच शाखेत व्हायची होती, पण नोकरी मिळाली तर रात्रभराचा प्रवास करून परक्या शहरात जाऊन राहायचं. पाहुण्यासारखं सुट्टीत घरी यायचं.

याआधीच्या दोन मुलाखती तिनं हसण्यावारी घालवल्या होत्या. म्हणजे खरोखरच हसून. घाबरली की या मुलीला हसू फुटायचं, अगदी पाळण्यात असल्यापासून, म्हणून तर नाव खिखी पडलं. मागच्या वेळी साहेबांनी विचारलं, पेशंट दुखण्यानं ओरडायला लागला तर तुम्ही काय कराल? आणि ही फिस्सकन हसली. साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही. घरी येऊन मात्र ती उशीत तोंड खुपसून जी रडली, ते मोठीबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटाच्या तळातून जपून ठेवलेलं काळपट निळं कापड काढलं आणि जाहीर केलं, "या वेळी हिचा कोट मी शिवणार. अंगावर धड कपडा असला की माणूस आपोआप ताठ उभं राहतं. ताठ माणसाला हसू येत नाही."

कोट सुरेख झाला होता, यात वादच नाही. कॉलर मानेला अशी बिलगली होती की मास्तरसारख्या मुरलेल्या कारागिरानंही हेवा करावा. काजं एकसारखी, अस्तरावर एक सुरकुती नाही. फक्त तो खिखीला होत नव्हता. खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरली होती. बाह्या नखांपर्यंत आल्या होत्या. पाठीत तर एवढी जागा होती की आणखी एखादं माणूस लपून बसलं असतं.

"हात पुढे कर," मोठीबाई म्हणाल्या.

खिखीनं हात पुढे केले. बोटांची टोकं तेवढी दिसली.

"बरा बसलाय की," मास्तर शेवटी म्हणाला. "थोडा सैल आहे, पण हल्ली सैलच घालतात म्हणे."

"कोण घालतात?"

"लोक."

"लोकांच्या आया आंधळ्या असतील," मोठीबाई म्हणाल्या. पण त्यांच्या बोलण्याला नेहमीची धार नव्हती.

"मला आवडला, आजी," खिखी घाईघाईनं म्हणाली. "आत स्वेटर घातला की अगदी मापात येईल."

"या उकाड्यात?" दारातून सूनबाई.

खिखीच्या ओठाचा कोपरा थरथरला. हसू यायची ती पहिली खूण.

या घरात एक रीत होती. घरच्या माणसाला टेप लावायचा नाही. टेप परक्यांना, जे पैसे टाकून जातात आणि दिवाणावर बसून मासिकं चाळतात त्यांना. घरच्यांचे कपडे मोठीबाई नजरेनंच कापायच्या. "ज्याला रोज डोळ्यांनी बघते त्याला टेप कशाला लावू? मी काय त्याची ओळख करून घेतेय?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मास्तरचे शाळेचे शर्ट, त्याचा लग्नातला कोट, सूनबाईचे गरोदरपणातले झगे, खिखीची दुपटी आणि फ्रॉक, सगळं असंच झालं होतं आणि कधी चुकलं नव्हतं.

आता त्या आरशातल्या कोटाकडे बघत होत्या आणि त्यांना तो ओळखीचा वाटत होता. हे रुंद खांदे. हे लांब हात. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली, कारण त्या खांद्याला लहानपणापासून जड पिशवी लटकवायची सवय. त्यांच्या हातानं तो उतारसुद्धा बिनबोभाट कापला होता. खिखीनं कधी त्या खांद्याला पिशवी लावली नव्हती. ती पाठीवर घ्यायची.

कोट धाकटीचा होता. त्यांच्या लेकीचा, जी असाच एक कोट घालून मुलाखतीला गेली होती आणि नोकरी लागली म्हणून दूरच्या शहरात निघून गेली होती. सुरुवातीला सणासारखी यायची, मग पाहुण्यासारखी, मग फोनसारखी. आता कितीतरी वर्षांत आली नव्हती. रविवारी फोन यायचा. मोठीबाई विचारायच्या, "बरी आहेस?" ती म्हणायची, "बरी." मग फोन सूनबाईच्या हातात जायचा.

"आई," सूनबाई म्हणाली, "हा वन्संचा कोट झालाय."

"अगं!" मास्तर दचकून म्हणाला.

"अगं काय? सगळ्यांना दिसतंय. उद्या तिथल्या साहेबांनाही दिसेल. म्हणतील, पोरगी कुणाचातरी उसना कोट अडकवून आलीय."

मास्तरनं आईकडे बघितलं आणि मान खाली घालून कान बंद करायची तयारी केली. पण काही आलं नाही. मोठीबाई खुर्चीवर बसल्या.

"खांदा उसवते," त्या म्हणाल्या. "आत घेते."

"उसवून नाही व्हायचं, आई." मास्तर हळूच म्हणाला. "खांदाच मोठा कापलाय. मुंढा, बाही, पाठ, सगळं पुन्हा कापावं लागेल. अस्तरासकट."

"मग काप."

खिखीनं कोट काढून टेबलावर ठेवला. मास्तरनं त्याचा खांदा सपाट केला, खडूनं रेघ ओढली, कात्री उघडली आणि रेघेवर ठेवली. तशीच ठेवून उभा राहिला. त्याचं आणि धाकटीचं लहानपणी एका ताटावरून भांडण व्हायचं, एका पांघरुणावरून व्हायचं.

"काप ना," मोठीबाई म्हणाल्या. "कापड आहे. ओरडणार नाही."

"थांबा," सूनबाई म्हणाली. ती आत गेली. कपाटाचं दार करकरलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत काळा कोट. दुकानातला. तयार.

यावर मात्र मोठीबाईंचं रीळ लागलं. "कधी आणलास?"

"मागल्या आठवड्यात."

"म्हणजे शिवणाऱ्यांच्या घरात, माझ्या नाकाखाली, बाजारातला कोट! माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?"

"तुमच्या हातावर होता," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "डोळ्यांवर नव्हता. हिला मुलाखतीचं बोलावणं आल्यापासून तुम्ही हिला हाक मारताना आधी वन्संचं नाव घेता, आई. मग दुरुस्त करता. रोज."

मोठीबाईंनी खिखीकडे बघितलं.

"मला चालतं," खिखी म्हणाली. "मी ओ देते ना दोन्हीला."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मग मोठीबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे ते बाजारातलं ध्यान."

त्यांनी कोट उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "काजं बघ. उंदरानं कुरतडल्यासारखी. आणि हे अस्तर म्हणायचं की मच्छरदाणी? बटण तर दोन धाग्यांवर जीव धरून आहे बिचारं. घाल बघू."

खिखीनं घातला. तो जवळजवळ झाला. जवळजवळच.

"हात वर कर. बघितलंस? काखेत ओढतोय. उद्या एखादा कागद द्यायला हात पुढे करशील, तर साहेबांना तुझ्या बरगड्या दिसतील. एक्स-रे न काढता."

खिखी हसली. हे घाबरल्याचं नव्हतं. खरं होतं, पोटातून आलेलं. मास्तरही हसला, आणि सूनबाईनं हसू लपवायला पदराऐवजी ती कागदी पिशवीच तोंडासमोर धरली.

"टेप दे," मोठीबाई म्हणाल्या.

मास्तरनं आईकडे पाहिलं. गळ्यातला टेप काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

त्या खिखीच्या मागे उभ्या राहिल्या. एका खांद्याच्या हाडावर अंगठा ठेवला आणि टेप दुसऱ्या खांद्यापर्यंत नेला. आकडा वाचला. पुन्हा वाचला. रोज समोर बसून जेवणारी ही पोर, रोज हिच्या केसांत आपण तेल जिरवतो, आणि हिचा खांदा एवढासा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

"केवढीशी आहेस गं तू," त्या म्हणाल्या.

"आहेच," खिखी आरशातून म्हणाली. "तुला मोठी दिसत होते का?"

मोठीबाईंनी टेप तिच्या दंडावर धरला. आकडे सांगत गेल्या आणि मास्तर खडूनं टेबलाच्या कडेला लिहीत गेला, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाचे लिहावेत तसे.

संध्याकाळ होईपर्यंत काळ्या कोटाच्या काखा मोकळ्या झाल्या, बटणं नव्यानं लागली आणि काजांना मोठीबाईंनी स्वतःच्या हातानं दुसरा जन्म दिला. त्या शेवटच्या काजावर होत्या तेव्हा फोन वाजला. रविवार नव्हता. खिखीनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय म्हणतेय आमची एक्स-रेवाली?" धाकटीचा आवाज खोलीभर झाला. "पोटात गोळा आलाय का?"

"एक नाही, आत्या. टोपलीभर."

"येऊ दे. मला तर त्या दिवशी जिना चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं होतं. काय घालणार आहेस?"

टेबलाभोवतीच्या तिघांनी खिखीकडे बघितलं. निळा कोट भिंतीवरच्या हँगरला लटकत होता.

"कोट," खिखी म्हणाली. "आजीनं शिवलाय."

"मग काय बघायलाच नको. मापात असेल."

"अगदी."

"माझाही शिवला होता तिनं. अजून आहे माझ्याकडे. होत नाही आता, पण आहे." धाकटी हसली. "जाड झाले ना मी. दंडात अडकतो."

मोठीबाईंची सुई काजात थांबली. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या कोटाकडे पाहिलं. म्हणजे तो तिचाही नव्हता. इतक्या मायेनं, इतक्या बारकाव्यानं जो खांदा त्यांनी कापला होता, तो आता जगात कुणाच्याच अंगावर नव्हता.

"आई आहे का तिथे?" धाकटीनं विचारलं.

मोठीबाईंनी हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. मग स्वतःच म्हणाल्या, "सांग तिला, मी सुईत दोरा ओवतेय."

"ऐकू आलं," धाकटी म्हणाली. "बरी आहेस ना, आई?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज."

"तू बरी?"

"बरी."

"जेवतेस ना वेळेवर?"

"म्हटलं ना, जाड झालेय."

मग दोघी गप्प झाल्या. त्या गप्पपणात एक प्रश्न सहज मावला असता. येतेस का, एवढाच. मोठीबाईंच्या तो जिभेवर होता. पण आयुष्यभर ज्या बाईनं गिऱ्हाइकाकडेसुद्धा कधी आर्जव केलं नाही, तिला स्वतःच्या लेकीपुढे ते कसं जमावं? तिला यायचं असेल तर येईल, असं त्या मनाशी म्हणायच्या. पलीकडे तीही बहुतेक म्हणत असेल, आईला हवी असेन तर बोलावेल. दोघी एकाच कापडातून कापलेल्या होत्या.

"ठेवते मग," धाकटी म्हणाली. "हिला आज लवकर झोपू द्या."

"हो. ठेव."

सूनबाईनं सासूच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला. न मागता. आणि मग उगाच मोठ्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "अहो, नुसते बसलात काय? हिची मुलाखत घ्या. सराव होऊ दे."

मास्तर कापायच्या टेबलामागे जाऊन बसला. चष्मा नाकावर खाली ओढला, घसा खाकरला. "हं. तर तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

खिखी ताठ बसली. तोंड उघडलं. मिटलं. नाकपुड्या फुगल्या आणि मग फिस्स झालं.

"बघितलंस?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली, हसतच. "बाबांपुढे ही गत. उद्या तिथे तिघं असणार आहेत."

"तू पेशंटला काय सांगतेस?" सूनबाईनं विचारलं. "फोटो काढताना?"

"श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा."

"मग तेच स्वतःला सांग."

"सांगितलं होतं गं मागच्या वेळी. रोखून धरला आणि मग एकदम सुटला. त्यांच्या कागदांवर थुंकी उडाली."

मास्तरनं चष्मा काढून डोळे पुसले. मोठीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "ऊठ तिथून," त्या मुलाला म्हणाल्या. "साहेब कसा असतो ते तुला काय माहीत? तुला बायकोपुढे बोलता येत नाही." त्या टेबलामागे बसल्या. "हसू नेमकं कधी येतं तुला?"

"समोरच्याचा चेहरा गंभीर झाला की. असं वाटतं, आता हा रागावणार. मग होतंच."

"मग चेहऱ्याकडे बघतेस कशाला? कॉलरकडे बघ."

"कॉलरकडे?"

"माझ्या उमेदीत इथे एकेक बडं धेंड यायचं. पँट तोकडी झाली म्हणून सगळी गल्ली डोक्यावर घ्यायचं. मला काय भीती वाटत नव्हती? मी त्याच्या कॉलरची दोन टोकं बघत राहायची. एक वर, एक खाली. म्हटलं, ज्याला स्वतःची कॉलर धड ठेवता येत नाही, तो माझं काय वाकडं करणार? तूही बघ. त्यांना वाटेल, मुलगी नीट लक्ष देऊन ऐकतेय."

खिखीनं आजीच्या गळ्याकडे नजर लावली.

"तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?" मोठीबाईंनी विचारलं.

"मला हे काम येतं म्हणून," खिखी म्हणाली. हसू आलं नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मशीन बिघडलं तर?"

"आधी पेशंटला बाहेर बसवीन. मग वरिष्ठांना सांगीन. माझं मी उघडायला जाणार नाही."

"शहाणी आहे," मास्तर पुटपुटला.

"मध्ये बोलायचं नाही. हॉस्पिटल आहे हे." मोठीबाई पुढे झुकल्या. "घरापासून लांब राहावं लागेल. राहाल?"

"राहीन."

"आजारी पडलात तर बघायला कोणी नसेल. राहाल?"

"राहीन."

"सुट्टीत घरी याल?"

"येईन."

"कशावरून?"

खिखीची नजर आजीच्या गळ्यावरून निसटून वर आली. समोर आजीचा चेहरा होता, इतका गंभीर की एरवी तिला तिथेच हसू फुटलं असतं.

"आई, मुलाखतीत असं कोण विचारतं?" मास्तर म्हणाला.

"मी विचारते. पहिल्या वर्षी येशील. दुसऱ्या वर्षी येशील. तिथे तुझी माणसं होतील, तुझी कामं होतील. तिकीट मिळत नाही म्हणशील. नाही मिळत कधीकधी, खरंच नाही मिळत. मग तुला सवय होईल. आणि आम्हालाही सवय झाली असं तुला वाटेल." त्या थांबल्या. "तर कशावरून येशील?"

अहो-जाहो कुठे संपलं आणि अगं-तुगं कुठे सुरू झालं, ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. सूनबाईनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला गप्प बसवलं.

"माहीत नाही, आजी," खिखी म्हणाली. ती हसली नाही. "खोटं कशाला बोलू? येईन असं आज वाटतंय."

मोठीबाईंनी मान हलवली. "हे उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जा. झोप आता."

सकाळी सूनबाईनं मुलीच्या पांढऱ्या शर्टावर दोनदा इस्त्री फिरवली, केस घट्ट बांधून दिले, बुटांवरची न दिसणारी धूळ पुसली आणि मग म्हणाली, "आई, तुम्ही जा हिच्याबरोबर."

"मी? आईनं जावं."

"मी गेले तर तिथे रडेन. मला रडताना बघून ही हसेल. तुम्ही रडत नाही."

एवढं मोठं प्रशस्तिपत्र सुनेकडून कधी मिळालं नव्हतं. मोठीबाई चपला घालायला वळल्या.

हॉस्पिटलच्या शाखेतली बसायची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीला लागून खुर्च्यांची ओळ, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, आणि मांडीवर फायली धरून बसलेली पोरं. एकाचा टाय गळफासासारखा आवळलेला होता. एकीनं नवे बूट घातले होते आणि टाचेला लागत होते म्हणून पाय अर्धा बाहेर काढून बसली होती. मोठीबाई प्रत्येकाची शिवण बघत होत्या. त्यांना सगळ्यांची दया येत होती. कुणीतरी प्रत्येकाला घरून सजवून पाठवलं होतं, आणि नोकरी मिळावी म्हणून तिथे प्रार्थना करत बसलं होतं. नोकरी मिळाली की ते घर रिकामं होणार होतं.

खिखीचा नंबर पुकारला गेला. ती उठली. मोठीबाईंनी तिची कॉलर उगाच नीट केली.

"हात गार पडलेत," खिखी कुजबुजली.

"माझेही. जा."

दार बंद झालं. शेजारी एक बाई बसली होती, तिचा मुलगा पुढच्या नंबरात होता. "पाणी आणू का तुम्हाला?" तिनं विचारलं. मोठीबाई म्हणाल्या, "मला काय झालंय?" मग म्हणाल्या, "आणा."

पाणी पिऊन झालं, कागदी पेला चुरगळून झाला, तरी दार उघडेना. आतून हसण्याचा आवाज आला. मोठीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग कळलं की हसणारे पुरुष आहेत. कशाला हसतायत मेले? तिला हसतायत की तिच्याबरोबर?

दार उघडलं. खिखी बाहेर आली, काळा कोट, ताठ पाठ, चेहऱ्यावर काहीच नाही. ती येऊन आजीपुढे उभी राहिली.

"काय झालं? हसलीस?"

"नाही. मधल्या साहेबांची कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली होती. मी तिकडेच बघत होते, तर त्यांनी विचारलं, काय बघताय? मी सांगितलं. बाकीचे दोघं हसले."

"देवा! मग?"

"मग त्यांनी कॉलर नीट केली आणि म्हणाले, या मुलीचे एक्स-रे कधी तिरके यायचे नाहीत." खिखीनं श्वास घेतला. "घेतलं मला, आजी. पंधरा तारखेपासून या म्हणाले."

शेजारची बाई "अगोबाई, छान!" म्हणाली.

"मी हो म्हटलं नाही अजून," खिखी म्हणाली. "म्हटलं, बाहेर आजी बसलीय. विचारून येते."

"मला?"

"हो. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. इथेच कुठेतरी बघीन. खरंच." ती हसत नव्हती. डोळे मात्र भरले होते. "सांग. ते थांबलेत."

धाकटीनं विचारलं नव्हतं. तिनं येऊन सांगितलं होतं, लागली गं नोकरी, आणि मोठीबाई म्हणाल्या होत्या, चांगलं झालं, आणि कात्री उचलली होती. एवढी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की त्यांना लेक घरी हवी होती. हवीच होती. पण त्याहूनही, जाण्याआधी तिनं एकदा मागं वळून विचारायला हवं होतं, आई, जाऊ का? आता ही एवढीशा खांद्यांची पोर ते विचारत उभी होती, आणि ती मनापासून विचारत होती. नुसतं "बघू" म्हटलं असतं तरी पुरे होतं. एका "बघू"वर ती घरी राहिली असती, पुढच्या खोलीत, समोरच्या ताटावर, रोज.

"मी काय साहेब आहे का?" मोठीबाई म्हणाल्या. आवाज जरा घोगरा आला, म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. "एवढ्या माणसांना तिथे ताटकळत ठेवून मला विचारायला येतेस? चल, फीर मागं. सांग त्यांना, येते म्हणून. आणि पंधरा म्हणजे पंधरा म्हणावं. चौदाला बोलावलं तर घरचे सोडणार नाहीत."

"आजी..."

"जा गं. त्यांचं मन बदलायच्या आत."

खिखी वळली. दाराशी जाऊन तिनं एकदा मागं पाहिलं, आणि तेव्हा तिला हसू आलं, आवरता येईना असं, खांदे हलवणारं. मोठीबाईंनी डोळे वटारले. तिनं तोंडावर हात दाबला, श्वास रोखला, सोडला आणि आत गेली.

"तुमची कोण?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"नात."

"लांब जाणार म्हणजे आता."

"जाणारच. जायलाच शिकवलंय." मोठीबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली आणि खिखी उठून गेलेल्या खुर्चीवर ठेवली.

जिना चढून कुणी पोक्त गृहस्थ धापा टाकत वर आले. ओळीत तेवढी एकच खुर्ची मोकळी दिसत होती. ते पिशवीकडे हात करून म्हणाले, "बाई, ही जरा उचलता का? बसतो मी."

मोठीबाईंनी पिशवीवर हात ठेवला.

"तिथे नका बसू," त्या म्हणाल्या. "आमची यायचीय."